सरळ केलेली मोटर : वाइंडिंगच्या दुकानातली वही

५ जानेवारी २०२५, रविवार

भाचा संध्याकाळी दुकानात आला. इलेक्ट्रिकल डिप्लोमाचं शेवटचं वर्ष. प्रोजेक्टला विषय घेतलाय लिनिअर इंडक्शन मोटर. सरांनी रोजच्या कामाची वही ठेवायला सांगितली आहे. त्याचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, म्हणून लिहिणं माझ्याकडं आलं. आकडे तो सांगणार, बाकीचं मी माझ्या मनानं लिहिणार.

माझं काम तेवीस वर्षं एकच. उसाला पाणी पाजताना जळलेल्या मोटरी येतात. त्या उकलायच्या, नवी तार भरायची, वार्निश पाजून वाळवायच्या. सगळ्या गोल. सरळ मोटर ऐकून होतो, भरली कधी नव्हती.

"मामा, गोल मोटर एका जागी चिरायची आणि टेबलावर उलगडून ठेवायची. झाली लिनिअर."

हे मला लगेच पटलं. वाइंडिंगचा नकाशा आम्ही कागदावर सरळच काढतो की. खाचांच्या उभ्या रेघा एकापुढं एक आणि वरून कॉइलच्या कमानी. म्हणजे कागदावर मी आजवर सरळ मोटरीच भरत आलोय. गोल ती नंतर होते.

९ जानेवारी, गुरुवार

तीन फेजचा करंट एकापाठोपाठ एक चढतो-उतरतो. कॉइल त्या क्रमानं मांडल्या की चुंबकाचा जोर एका जागी न थांबता एका खाचेवरून पुढच्या खाचेवर सरकत जातो. गोल मोटरीत तो चकरा मारतो, सरळ मोटरीत या टोकाकडून त्या टोकाकडं धावतो. रोटरच्या जागी ॲल्युमिनियमचा पत्रा. ॲल्युमिनियमला चुंबक चिकटत नाही हे पोरंसोरंही जाणतात, पण धावतं चुंबक पत्र्याखालून गेलं की पत्र्यात करंट फिरायला लागतो आणि पत्रा त्याच्यामागं ओढला जातो. पिंजऱ्याच्या रोटरला जो नियम, तोच पत्र्याला.

वेगावरून अर्धा तास हुज्जत झाली. चार पोल (पोल म्हणजे वाइंडिंगनं तयार होणारं चुंबकाचं एक टोक) म्हणजे दीड हजार आरपीएम, सहा पोल म्हणजे हजार, हे माझ्या डोक्यात कोरलेलं. तो म्हणाला, सरळ मोटरीत पोल किती याला वेगाच्या हिशेबात जागाच नाही. एका पोलची रुंदी गुणिले दोन, गुणिले फ्रिक्वेन्सी, एवढंच. चार पोल भरा नाही तर चाळीस, चुंबकाचं क्षेत्र तेवढ्याच वेगानं पळणार. जास्त पोल भरले तर जोर वाढेल. मी कागदावर दोनदा मांडून पाहिलं, पोरगं बरोबर होतं. गोल मोटरीत पोल वाढवले की त्याच घेरात पोल अरुंद होतात, वेग कमी होतो तो त्यामुळं. खरं काम रुंदीचं, आम्ही मोजत बसतो संख्या.

१२ जानेवारी, रविवार

कोअरचा, म्हणजे तार भरायच्या लोखंडी गाभ्याचा प्रश्न. जळक्या पाच एचपीच्या मोटरीची स्टॅम्पिंग (गाभ्याचे पातळ पत्रे) चिरून सरळ करायचा प्रयत्न केला. दोन पत्र्यांतच कळलं की हा नाद सोडावा. दात वाकतात, पत्र्याला पोक येतो.

मग जुन्या स्टॅबिलायझरचे ट्रान्सफॉर्मर फोडले. त्यातल्या 'ई' आकाराच्या पट्ट्या. मधला पाय २० मिमी, कडेचे पाय १०-१०, मधल्या खाचा १० मिमी रुंद आणि ३० खोल. दोन 'ई' शेजारी ठेवले की कडेचे दोन अर्धे पाय मिळून पुन्हा २० चा पाय होतो! म्हणजे फणी तयार : २० चा दात, १० ची खाच, पुन्हा २० चा दात. कापाकापी काही नाही. तीन खाचांचा एक पोल धरला तर पोलची रुंदी ९० मिमी. ५० हर्ट्झला ९ मीटर प्रतिसेकंद, ताशी साधारण ३२ किलोमीटर. सांगलीच्या आयर्विन पुलावर सकाळी एवढा वेग मिळत नाही.

फक्त एक अडचण. चुंबकाचा प्रवाह एका पोलमधून निघून पाठीच्या पट्टीतून शेजारच्या पोलला जातो. सगळे 'ई' एकाच रांगेत लावले तर पाठीत दर ६० मिमीला सांधा, आणि सांध्यात हवा. म्हणून एक थर असा, तर पुढचा थर अर्धा 'ई' सरकवून. गवंडी विटा चढवताना सांधे मोडतो तसं. मधला पाय नेमका खालच्या सांध्यावर येतो. हे मला सुचलं, भाच्याला नाही. वहीत असू दे.

१४ जानेवारी

संक्रांत. तिळगूळ. काम नाही.

१९ जानेवारी, रविवार

थर रचून ५० मिमी उंची झाली. खालून-वरून अँगल, बोल्टला स्लीव्ह घातली, नाही तर बोल्टच शॉर्ट रिंग होतो, त्यातच करंट फिरत बसतो. बारा खाचा, चार पोल. २० गेजची तार, कॉइलला १२० वेढे. एकूण सहा कॉइल.

आणि इथं अडलो. हाताच्या सवयीनं पहिली फेज खाच १ पासून सुरू केली : १ ते ४, ७ ते १०. दुसरी फेज ३ पासून : ३ ते ६, ९ ते १२. तिसरी ५ पासून : ५ ते ८, मग ११ ते... १४. खाच चौदा कुठाय? बारा वरच मोटर संपली.

नकाशावर अशा वेळी आम्ही उजव्या कडेला एक बाण काढतो, डाव्या कडेला एक बाण काढतो, आणि कॉइल तिकडून निघून इकडून आत येते. गोल मोटरीत चौदा म्हणजे दोन. तेवीस वर्षांत त्या बाणाकडं कधी नीट बघितलं नव्हतं. गोल मोटरीला टोकच नसतं, त्या दोन बाणांचा अर्थ एवढाच. उलगडली की दोन टोकं पदरात पडतात.

चहा घेतला. मग तिसरी फेज २ ते ५ आणि ८ ते ११ अशी बसवली. खाचा सगळ्या भरल्या, एकही रिकामी नाही. स्लॉट पेपर, वर बांबूची पट्टी, वार्निश. बल्ब लावलेल्या पेटीत रात्रभर.

२६ जानेवारी, रविवार

मेगरवर इन्सुलेशन चांगलं. तीन फेज डिमरस्टॅट, म्हणजे व्होल्टेज कमी-जास्त करायचं यंत्र, एका स्नेह्याकडून मागून आणला. मधे एमसीबी, शॉर्ट झालं की आपोआप पडणारा स्विच. फणीवर दोन मिमीचे फायबरचे तुकडे, त्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा : ३ मिमी जाड, १०० रुंद, २०० लांब, वजन १६० ग्रॅम.

हळूहळू व्होल्टेज चढवलं. पत्रा थरथरला, गुणगुणला आणि उलट्या दिशेनं मरतमरत सरकला. दोन फेजची अदलाबदल केली. आता सुलट निघाला, पण तसाच मरगळलेला. टाँग टेस्टरवर तिन्ही करंट तीन तऱ्हेचे.

मी म्हटलं कॉइल कुठं तरी शॉर्ट आहे. भाच्यानं काही न बोलता प्रत्येक खाचेवर खडूनं बाण काढले, कुठल्या क्षणी करंट आत की बाहेर. तिसऱ्या फेजचे चारही बाण उलटे निघाले. २ ते ५ ही कॉइल घेतली खरी, पण ५ ऐवजी २ पासून सुरू केली तर तिची सुरुवात आणि शेवट बदलायला नको का? मी जागा बदलली, टोकं तशीच ठेवली. त्यामुळं एक लाट पुढं, एक लाट मागं, दोन्ही एकाच वेळी धावत होत्या आणि पत्रा बिचारा दोघींच्या मधे.

दोन टोकं बदलली. बटण दाबलं. पत्रा समोरच्या शटरवर जाऊन आदळला. शेजारचे हार्डवेअरवाले बघायला आले.

पुढच्या वेळी समोर पोतं.

२ फेब्रुवारी, रविवार

आज मोजमाप. पत्र्याला ताणकाटा अडकवून थोपवून धरायचा, करंट ५ अँपिअरवर ठेवायचा.

नुसता पत्रा : साधारण २५० ग्रॅम.

एवढ्या तांब्यात एवढासा जोर? कारण वरून लोखंड नाही. चुंबकाचा प्रवाह पत्र्यातून वर गेला की त्याला परतायला हवाच मिळते. मग ॲल्युमिनियमवर ५ मिमीची लोखंडी पट्टी चिकटवली. ती घेऊन पत्रा फणीला असा चिकटून बसला की ढकलूनही हलेना. ॲल्युमिनियमला चुंबक ओढत नाही, लोखंडाला सोडत नाही. पट्टी काढली आणि दोन्ही बाजूंना लाकडी ठोकळे लावून पत्र्याच्या वर वेगळी पक्की केली. आता फणी खाली, लोखंड वर, मधल्या फटीतून पत्रा मोकळा धावतो. ताणकाटा ९०० ग्रॅम. तेवढ्याच ५ अँपिअरला.

डिमरस्टॅट तेव्हा ९० व्होल्ट दाखवत होता. म्हणजे ७८० व्होल्ट-अँपिअर आत घालून ९०० ग्रॅमची ओढ. पॉवर फॅक्टर, म्हणजे त्यातला खऱ्या वॅटचा वाटा, ०.३५ च्या आसपास. शेतकऱ्याच्या मोटरीचा असा पॉवर फॅक्टर आला तर तो मोटर माझ्या दारात टाकून जाईल. गोल मोटरीत स्टेटर आणि रोटरमधली फट अर्ध्या मिलिमीटरच्या आतबाहेर असते. इथं ३ मिमी पत्रा आणि वर-खाली मोकळीक धरून ५ मिमीच्या वरच, आणि ॲल्युमिनियमची जाडीसुद्धा चुंबकाच्या हिशेबात हवाच. निम्मा करंट नुसती ती फट भरायला जातो.

एक गोष्ट मात्र मला आधी खोटी वाटली. लोखंड ४ मिमीनं आणखी वर उचललं, करंट पुन्हा ५ वर आणला, तरी थोपवून धरलेल्या पत्र्याचा जोर फारसा पडला नाही. भाच्यानं समजावलं : पत्रा थांबलेला असताना त्यातला करंटच इतका मोठा असतो की तो फटीतलं चुंबक मारून टाकतो. लहान फटीत जास्त मारतो, मोठ्या फटीत कमी. फटीची खरी किंमत पत्रा वेग घ्यायला लागल्यावर कळते. यासाठी एक आकडा असतो, गुडनेस फॅक्टर. पोलच्या रुंदीचा वर्ग आणि पत्र्याची जाडी वर, फट खाली. रुंदीचा वर्ग आहे, म्हणून ही मोटर जेवढी मोठी कराल तेवढी गुणी, आणि टेबलावरची आमच्यासारखी नेहमी अशीच.

९ फेब्रुवारी, रविवार

तिन्ही फेजचे करंट कधीच सारखे येत नाहीत. आज ५.०, ४.६, ५.३. गोल मोटरीत असं दिसलं असतं तर मी ती तिथंच उकलली असती. इथं कडेच्या कॉइलला एका बाजूनं शेजारीणच नाही, म्हणून हा फरक. दुरुस्त होण्यातला नाही.

माधवनगरचे जुने गिऱ्हाईक यंत्रमागाची मोटर भरायला घेऊन आले होते. पत्रा उडताना बघून म्हणाले, "हा तर धोटा हाय की!"

भाच्याचा चेहरा फुलला. त्याच्या वाचनात आलेली गोष्ट नेमकी हीच. या मोटरीचं नाव काढलं की ज्या इंग्रज प्राध्यापकाचं नाव निघतं, तो एरिक लेथवेट (१९२१ ते १९९७), लँकेशायरचा. तो मुलूख म्हणजे तिकडचं इचलकरंजी, नुसत्या कापडगिरण्या. मागावर आडवा धागा नेणारा धोटा काठीच्या तडाख्यानं इकडून तिकडं फेकायचा, पुन्हा तिकडून तडाखा. आवाज, झीज, तुटणारे पट्टे. त्याऐवजी धावत्या चुंबकानं धोटा फेकता येईल का, या प्रश्नातून तो या मोटरीकडं ओढला गेला आणि मग जन्मभर तिथंच राहिला. पुढं लंडनच्या इंपिरिअल कॉलेजात प्राध्यापक झाला.

"मग झाला का तसा माग?" पाव्हण्यांनी विचारलं.

मागांनी ती वाट धरली नाही. धोटाच गेला, रेपिअर आणि एअरजेट हे बिनधोट्याचे माग आले. पाव्हणे म्हणाले, "आमच्याकडं हाय अजून." त्यांच्या पत्र्याच्या शेडमधे चोवीस माग अजून धोट्यावर चालतात. त्यांची मोटर बुधवारी दिली.

१६ फेब्रुवारी, रविवार

वेग मोजला. मोबाइलच्या स्लो मोशनमधे सेकंदाला २४० चित्रं. पत्र्यानं शेवटचे ३० सेंटिमीटर १८ चित्रांत तोडले. म्हणजे ४ मीटर प्रतिसेकंद. क्षेत्राचा वेग ९, म्हणून स्लिप, म्हणजे क्षेत्राच्या मागं पडणं, ५५ टक्क्यांच्या वर. माझ्या पंपाच्या मोटरीला ४-५ टक्के स्लिप असते. पण याला धावायला फणीच हातभर, वेग पुरता चढायच्या आत रस्ता संपतो.

रस्ता लांब करायचा तर दोन वाटा. तार गाडीत घालायची आणि खाली पत्रा अंथरायचा, नाही तर सगळी तार रस्त्यात घालायची आणि गाडी हलकी ठेवायची. पहिली वाट स्वस्त. कॅनडात व्हँकुव्हरची स्कायट्रेन १९८५ पासून अशी धावते : डब्याखाली वाइंडिंग, दोन रुळांच्या मधे लोखंडावर ॲल्युमिनियम मढवलेली पट्टी. वीज गाडीत घ्यावी लागते आणि फट दहा-बारा मिलिमीटरच्या घरात सांभाळावी लागते. दुसरी वाट शांघायची : विमानतळाकडं जाणारी ३० किलोमीटरची चुंबकी गाडी. तिथं मोटरीचा स्टेटरच ३० किलोमीटर लांब, मार्गाच्या पोटाशी टांगलेला, आणि गाडीत चुंबक. ती सिंक्रोनस, म्हणजे स्लिप नाही, क्षेत्राबरोबर पावलाला पाऊल. २००४ मधे प्रवासी घ्यायला लागली तेव्हा ताशी ४३१ किलोमीटर गाठायची. जपानची त्याहून पुढं, २०१५ च्या एप्रिलमधे चाचणीत ६०३.

३० किलोमीटर वाइंडिंग. मी भाच्याला म्हटलं, ते काम घेऊ नको.

स्कायट्रेनसारख्या गाडीला चाकं असतातच, पण ती फक्त वजन पेलतात. जोर रुळावरच्या घर्षणातून येत नाही. कारखान्याच्या रस्त्याला पावसात दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर चढाला लागला की इंजिनात ताकद असून चाक जागच्या जागी फिरतं, हे इथं सगळ्यांनी पाहिलंय. सरळ मोटरीला ती भीती नाही, चढ तिला सोपा जातो. शिवाय डब्याखालची गोल मोटर आणि गिअर जातो, डबा बुटका होतो, बोगदा लहान खणावा लागतो. ओसाकानं १९९० मधे आणि पाठोपाठ टोकियोनं भुयारी मेट्रोला ही मोटर घेतली ती या हिशेबानं.

२६ फेब्रुवारी, महाशिवरात्र

उपवास. साबुदाण्याची खिचडी दुकानातच. ताणकाट्याची चाचणी लांबली आणि पत्रा हाताला चटका देण्याइतका तापला. थोपवून धरलेला पत्रा काम काहीच करत नाही, फटीतून आलेली सगळी वीज उष्णता होते. कॉइलही गरम. एका वेळी दहा सेकंदांवर चालू ठेवायची नाही, असं पाटीवर लिहून लावलं.

२ मार्च, रविवार

सरांनी सांगितलंय, 'उपयोग' या मथळ्याखाली दोन पानं हवीत. भाच्याची यादी लांब होती. मी त्यातली हायपरलूप, म्हणजे बंद नळीतून पळवायची गाडी, खोडायला सांगितली. २०१८ मधे पुणे-मुंबईचा मोठा गाजावाजा झाला, करार झाले. ते काम करणारी परदेशी कंपनी २०२३ च्या अखेरीस बंद पडली. जे धावतंय ते लिही म्हटलं.

त्यानं मग विमानवाहू जहाज ठेवलं. अमेरिकेच्या जेराल्ड फोर्ड जहाजावर, जे २०१७ मधे नौदलात आलं, विमान फेकायला वाफेच्या जागी सरळ इंडक्शन मोटर आहे, साधारण ९० मीटरची. हे मला आवडलं. धावायला जागा थोडी, थांबल्या जागेवरून जोर हवा, काम दोन-तीन सेकंदांचं. आमच्या पत्र्याचाच थोरला भाऊ. काही रोलर कोस्टरलाही हीच मोटर लावतात, चढाची साखळी न लावता सपाटीवरूनच गाडी फेकायला.

मी माझी एक भर घातली : लाउडस्पीकर. त्यातली कॉइल चुंबकाच्या फटीत मागं-पुढं होते, गोल फिरत नाही. म्हणजे गणपतीत गल्लीगल्लीत सरळ मोटरीच वाजतात. काही फ्रिजच्या कॉम्प्रेसरचा दट्ट्याही आता असाच थेट ढकलतात, क्रँक नसतो. आणि भारी सीएनसीत स्क्रूच्या जागी सरळ मोटर बसवतात, आट्यांची ढिलाई नको म्हणून. कुपवाडच्या एमआयडीसीत बहुतेक ठिकाणी मी स्क्रूच पाहिलाय. स्क्रू स्वस्त आणि त्याला दुरुस्त करणारा माणूस मिळतो.

१६ मार्च, रविवार

मधे ज्वारीच्या काढणीसाठी भाचा गावी. आज उलट-सुलट कॉन्टॅक्टर, म्हणजे विजेवर ओढले जाणारे स्विच लावले. पत्रा टोकाला पोचला की लिमिट स्विच दाबतो, दोन फेज बदलतात, पत्रा परत. दोन्ही टोकांना सायकलच्या ट्यूबचे तुकडे. सलग अकरा फेऱ्या झाल्या, मग कॉन्टॅक्टर चिकटला. मागच्या दिशेचा सुटायच्या आत पुढचा लागला होता. एमसीबीनं वाचवलं. दोन्ही एकदम लागू नयेत म्हणून इंटरलॉक घातला, तो पहिल्या दिवशीच घालायला हवा होता. चूक माझी, रोज दुसऱ्यांच्या स्टार्टरमधे मी तोच शोधत असतो.

२२ मार्च, शनिवार

तोंडी परीक्षा. परीक्षकांनी पहिलाच प्रश्न विचारला, पोल वाढवले तर वेग किती? भाच्यानं फळ्यावर मांडून दाखवलं. मी बाहेर बाकावर होतो, त्यानं येऊन सांगितलं.

संध्याकाळी माधवनगरचे पाव्हणे जुना लाकडी धोटा घेऊन हजर. "ह्याला पळवून दाखवा." वरचं लोखंड काढलं, धोट्याच्या पोटाला पत्र्याची पट्टी स्क्रूनं मारली. लोखंड नाही म्हणजे जोर तो पहिला, पाव किलोचा, आणि धोटा त्याहून जड. करंट ७ पर्यंत नेला. धोटा घसटत निघाला, फणीच्या शेवटापर्यंत गेला, ट्यूबला टेकला आणि थांबला.

"आमचा ह्या वेळात चार फेऱ्या मारतो," पाव्हणे म्हणाले. पण पुन्हा एकदा दाबा म्हणाले. मग स्वतः दाबलं.

२३ मार्च, रविवार

डिमरस्टॅट परत केला. तारेचा हिशेब : दीड किलो, त्यातला निम्मा भंगारातून. मधली कॉइल ८ ते ११ कालच्या ७ अँपिअरनं काळी पडली आहे, वास येतोय. सवड मिळाली की भरायची. धोटा कपाटावर ठेवलाय, पाव्हणे बुधवारी दुसरी मोटर घेऊन येणार आहेत.